कासवाला खोकता येत नाही

या मालिकेत एरवी आपण दप्तरं उघडतो, सनदा वाचतो, कोण कोणावर का चालून गेलं ते बघतो. आज मी कासवाच्या सर्दीबद्दल बोलणार आहे. हसू नका. ही सर्दी कधी न्यूमोनिया होते ते घरच्यांना कळत नाही, आणि न कळण्याला चांगला तीनशे-साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय या विषयात माझं एक जुनं देणं आहे. ते आधी सांगतो.

आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजीराजे १७५८ पासून रतनपूरला बसून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. त्यांच्यामागून कारकून, पुजारी, शिलेदार, सावकार अशी मराठी माणसं इकडे आली आणि राहिली. १८१८ नंतर इंग्रजांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं, तशी आणखी आली. माधवराव सप्रे, वामनराव लाखे ही याच वस्तीतली माणसं. आमच्या पूर्वजांनी काही नाव काढलं नाही, पण मागे आड असलेलं एक घर तेवढं मिळवून ठेवलं.

त्या आडात कासव होतं. विदर्भात आणि छत्तीसगढात जुन्या विहिरींत कासव सोडायची पद्धत होती. ते किडे, गोगलगायी, शेवाळ खातं आणि पाणी चांगलं राहतं असा समज. आमच्या आडातलं कासव कोणी सोडलं ते आजीलाही माहीत नव्हतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दिसायचं, नाही तर नाही. त्याला कधी कोणी खायला घातलं नाही, औषध दिलं नाही, आणि ते मजेत होतं. त्यामुळे आमच्या घरात एक पक्का समज झाला होता की कासवाला काही होत नसतं.

१९८४ च्या पावसाळ्यात काका वाल्टेअरच्या गाडीनं आले, त्यांच्या पिशवीत दुसरं कासव होतं. काळ्या कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. तारा कासव. कुठल्याशा बाजारात दहा-पंधरा रुपयांना घेतलं म्हणाले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, पण तो तात्यापाऱ्यात पोचायला वेळ लागला. मी दहा वर्षांचा होतो. मी त्याचं नाव दगडू ठेवलं.

दगडू अंगणात फिरायचा. आम्ही त्याला वरण-भात, टोमॅटो, दुधात कुस्करलेली पोळी असं सगळं घालायचो. हा प्राणी गवत, पानं, निवडुंग खाणारा, कोरड्या माळावरचा. रात्री त्याला मोरीत ठेवायचो, कारण अंगणात मांजर यायची. मोरीची फरशी ओली आणि गार. डिसेंबरात रायपूरची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. त्या महिन्यात दगडूनं खाणं सोडलं. डोळे मिटून बसायला लागला. नाकाशी एक लहानसा बुडबुडा यायचा, फुटायचा, पुन्हा यायचा. मला तो बुडबुडा फार आवडायचा, मी शाळेतल्या मुलांना दाखवायला आणलं होतं. मग तो मान लांब काढून तोंड उघडं ठेवायला लागला. आजी म्हणाली, जांभया देतोय. काका त्याला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी बघून सांगितलं, "अरे, ये तो ठंड में सोते हैं, सोने दो." त्यांनाही दोष देत नाही, त्यांचा दिवस बैलांत आणि म्हशींत जायचा. आम्ही दगडूला गोणपाटात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. संक्रांतीच्या सुमारास आजीनं गोणपाट उघडलं तेव्हा वास आला.

तारा कासव थंडीत मंदावतं, पण हिमप्रदेशातल्या कासवासारखं महिनोन्‌महिने झोपत नाही. दगडू झोपला नव्हता. तो गुदमरत होता, आणि आम्ही घरातली सहा माणसं रोज ते बघत होतो.

आता आपल्याला तसं का दिसलं, ते बघू. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत दगडी कासव असतं. आपण त्याला हात लावून आत जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची जी लक्षणं सांगितली आहेत त्यांत कासव आहे: जसं ते अवयव आत ओढून घेतं तसा ज्ञानी माणूस इंद्रियं विषयांतून आवरतो. ज्ञानेश्वर महाराजांनी त्यावर निरूपण केलं आणि कासव मराठी मनात बसलं ते बसलंच. संतांच्या काव्यात कासवीची दुसरी प्रतिमाही आहे, ती पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते अशी. (प्रत्यक्षात मादी अंडी घालून निघून जाते, पण प्रतिमेला प्रत्यक्षाचं कर्ज नसतं.) सांगायचं एवढंच, की गप्प बसलेलं, डोळे मिटलेलं, अंग चोरलेलं कासव दिसलं की मराठी माणसाला आजार आठवत नाही, शांती आठवते.

पण कासव हातपाय आत घेतं तेव्हा शरीराच्या आत काय होतं? कवच तर ताणलं जात नाही. आत येणाऱ्या चार पायांना आणि मानेला जागा हवी, ती जागा फुप्फुसांतून मिळते. हवा बाहेर ढकलली जाते. दचकलेल्या कासवाचा 'फुस्स' असा आवाज आपण रागाचा समजतो, तो या हवेचा असतो. म्हणजे पूर्ण आत गेलेलं कासव त्या वेळेपुरता श्वास सोडून बसलेलं असतं. निरोगी कासवाला ते जमतं, कारण त्याला श्वासाची घाई नसते. फुप्फुसात पू भरलेल्या कासवाला ते परवडत नाही. म्हणून ते मान बाहेर काढतं, तोंड उघडतं.

कासव श्वास घेतं कसं, हे माणसाला कळायला फार वेळ लागला. तुमच्या-माझ्या बरगड्या हलतात. कासवाच्या बरगड्या कवचाचाच भाग आहेत, हलणार कशा? आपल्यासारखं श्वासपटल त्याला नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाला आतून लागून असतात, खाली आतडी-यकृत.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत क्लोद पेरो नावाचा गृहस्थ होता. वैद्य होता, वास्तुविशारद होता, लूव्र राजवाड्याच्या पूर्वेकडच्या स्तंभांच्या रांगेशी त्याचं नाव जोडलेलं आहे, आणि सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरो त्याचा धाकटा भाऊ. या क्लोदनं एक प्रचंड कासव फाडून त्याचं वर्णन केलं, ते १६७६ च्या ग्रंथात आहे. ते कासव कोरोमंडल किनाऱ्यावरून आणलेलं, असं त्यानं लिहिलं. महाराजांची कर्नाटकची मोहीम सुरू होते तो हा सुमार, म्हणून मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून बसलो होतो. पण ते कासव आपल्याकडचं नव्हतं. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या महाकाय कासवांपैकी होतं. ती जात पुढे माणसांनी खाऊन संपवली, आणि तिच्या शास्त्रीय नावात मात्र 'इंडिका' कायमचं राहिलं. पेरो स्वतः १६८८ मध्ये वारला, उंटाचं शव फाडताना झालेल्या संसर्गानं गेला असं सांगतात.

पुढची शंभरेक वर्षं विद्वानांत समज असा, की कासव बेडकासारखं हवा गिळतं. कारण दिसतं तसंच. कासवाचा गळा सतत खालीवर होत असतो. आता आपल्याला माहीत आहे की तो गळा वास घेण्यासाठी हलतो, फुप्फुसं भरण्यासाठी नव्हे. हे ओळखणारा पहिला नीट माणूस रॉबर्ट टाउन्सन, एक भटक्या इंग्रज. १७९० च्या दशकात जर्मनीत गटिंगन इथे राहून त्यानं बेडूक आणि कासवं यांच्या श्वासावर प्रयोग केले आणि दाखवलं की कासव पोटाकडच्या स्नायूंनी श्वास घेतं. मागच्या पायांजवळचे काही स्नायू आतली पोकळी वाढवतात, दुसरे ती आवळतात. इतकं साधं. पण टाउन्सन कोणत्याच मोठ्या पीठाचा प्राध्यापक नव्हता. तो पुढे हंगेरी फिरला, त्यावर पुस्तक लिहिलं, शेवटी ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला. इकडे थोर थोर शरीरशास्त्रज्ञ बेडकाचंच सांगत राहिले. १८६३ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, सायलस वेअर मिचेल आणि जॉर्ज मोरहाऊस या दोन डॉक्टरांचा कासवाच्या श्वसनावरचा सविस्तर प्रबंध स्मिथसोनियन संस्थेनं छापला, तेव्हा पोटाच्या स्नायूंची गोष्ट पक्की झाली. आणि अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या सुमारे सव्वीस कोटी वर्षांपूर्वीच्या एका प्राण्याच्या हाडांवरून संशोधकांनी मांडलं की श्वासाची ही व्यवस्था पूर्ण कवच येण्याच्याही आधी तयार होत होती.

आता आजाराकडे या. खोकला म्हणजे काय? छातीत हवा कोंडून ती एकदम जोरानं बाहेर फेकणं. कासवाकडे त्यासाठी लागणारं श्वासपटल नाही, छाती आवळता येत नाही. फुप्फुसात चिकट स्राव साठला तर तो बाहेर टाकायचा रस्ता जवळपास नाहीच. माणसाच्या घरात न्यूमोनिया खोकून सांगतो. कासवाच्या घरात तो कोनाड्यात बसून राहतो. नाकाशी बुडबुडा, उघडं तोंड, ताणलेली मान, भूक जाणं, एवढीच त्याची भाषा. यातलं प्रत्येक लक्षण दगडूनं आम्हाला दाखवलं होतं.

इंग्रजांनाही हे उशिरा कळलं, त्यांची दोन प्रसिद्ध कासवं सांगून पुढे जातो. आर्चबिशप लॉड याचं कासव लॅम्बेथ राजवाड्याच्या बागेत मालकाचा शिरच्छेद झाल्यावरही शंभरावर वर्षं जगलं आणि १७५३ मध्ये माळ्याच्या निष्काळजीपणामुळे मेलं. भर थंडीत त्याला जमिनीतून उकरून काढलं होतं, असं सांगतात. दुसरं टिमथी, गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याचं. १७८० च्या मार्चमध्ये व्हाइटनं त्याला झोपेतूनच उकरून घोडागाडीत घालून ऐंशी मैलांवरच्या सेलबॉर्न गावी आणलं. तो त्याला दरवर्षी तागडीत घालून तोलायचा, एकदा तर कर्ण्यातून ओरडून त्याला ऐकू येतं का तेही बघितलं. टिमथीला पर्वा नव्हती. ती मादी होती हे तिच्या मृत्यूनंतर कळलं. पण व्हाइटची वह्या भरणारी नजर सगळ्यांकडे कुठे असते? विसाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठची लाखो कासवं पेट्यांत रचून ब्रिटनमध्ये आणून विकली गेली. त्यांतली बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात मेली. १९८४ मध्ये युरोपात हा व्यापार बंद झाला. तेच साल, ज्या साली काकांनी दगडूला आणला.

आता मला जिथे थोडं थांबायचं आहे तिथे येतो. अमेरिकेतलं मोहावी वाळवंट. तिथे जमिनीत बिळं करून राहणारं कासव आहे. वर्षातला बहुतेक वेळ ते बिळातच असतं. कॅलिफोर्नियात या कासवांसाठी खास राखलेलं एक क्षेत्र आहे. १९८८ मध्ये तिथे मोजणी करणाऱ्यांना कासवांची नाकं वाहताना दिसली. नाकपुड्यांशी बुडबुडे, पुढच्या पायांवर वाळलेल्या शेंबडाचे पट्टे, कारण ती पायानं नाक पुसत होती. शेजारी रिकामी कवचं. त्या वर्षांत दुष्काळही होता, कावळ्यांचे मोठे भाऊबंद पिलं उचलून नेत होते, गाड्या होत्या, चरणारी गुरं होती. पण नाकाचं दुखणं नवीन होतं. १९८९ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं तातडीनं या कासवाला संकटग्रस्त ठरवलं, १९९० च्या एप्रिलमध्ये मोहावीतल्या कासवांना कायम संरक्षण मिळालं.

कारण शोधायचं काम फ्लोरिडा विद्यापीठात झालं. एलियट जेकबसन, मेरी ब्राउन आणि त्यांचे सहकारी. आजारी कासवांच्या नाकात त्यांना मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू सापडला. पण सापडणं म्हणजे कारण असणं नव्हे, हे रॉबर्ट कॉखनं क्षयाच्या वेळी जगाला शिकवलेलं आहे. म्हणून त्यांनी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला, निरोगी कासवांच्या नाकपुड्यांत त्याचे थेंब सोडले, ती कासवं तशाच नाकानं आजारी पडली, आणि त्यांच्यातून तोच जिवाणू परत मिळाला. १९९४ मध्ये हे छापून आलं. जिवाणूला कासवाच्याच जातीवरून 'अगासिझिआय' म्हणतात.

या आजाराची वाईट गोष्ट अशी की कासव वरून बरं दिसतं, खायला लागतं, नाक कोरडं होतं, आणि जिवाणू आत राहू शकतो. पुढे कधी उपासमार, थंडी, प्रवास झाला की पुन्हा उसळतो आणि दुसऱ्याला लागतो. मोहावीत तो आला कुठून? संशय घरगुती कासवांवर होता. नेवाडा-कॅलिफोर्नियात हे कासव पिढ्यान्‌पिढ्या परसात पाळलं जात होतं. मुलं मोठी झाली, घर बदललं, कासव आजारी दिसलं, की माणसं दयाळूपणे गाडी काढायची आणि त्याला 'त्याच्या घरी', वाळवंटात सोडून यायची. हा संशय शंभर टक्के सिद्ध झालेला नाही. पण मायकोप्लाझ्मा पुढे जगभरच्या पाळीव कासवांच्या अनेक जातींत सापडला, आणि पाळलेलं कासव रानात सोडू नये हा नियम तेव्हापासून सगळे जाणकार सांगतात.

आपल्याकडे काय? तारा कासव गुजरात-राजस्थानकडे, आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूकडे आणि श्रीलंकेत मिळतं. आंध्रातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५,००० तारा कासवं उचलली जातात, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघालं. एकच केंद्र, हे लक्षात घ्या. ती मोज्यांत, बॅगांत, चिकटपट्टीनं गुंडाळून विमानानं आग्नेय आशियात जातात. चिकटपट्टी यासाठी की पाय हलू नयेत, आवाज होऊ नये. आता मघाचा श्वास आठवा. पाय आत दाबून बांधलेल्या कासवाची फुप्फुसं कितपत भरत असतील? पकडलेल्या मालात वाहती नाकं दिसतात त्यात नवल नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापूरहून ५१ तारा कासवं विमानानं बेंगळुरूला परत आणली, तेव्हा ती थेट रानात गेली नाहीत, आधी वेगळी ठेवून तपासावी लागतात, मोहावीचा धडा हाच. २०१९ मध्ये तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद झाला, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते आपल्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आमच्या आडातलं, मागचे पाय झाकायला खाली दोन झडपा असलेलं ते पाणकासवही पहिल्याच अनुसूचीत येतं. घरात दोन्ही ठेवता येत नाहीत. कोणाकडे असेल तर वन विभागाला कळवा, रात्री तळ्यात नेऊन सोडू नका.

मग लोक काय पाळतात? दुकानात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव. 'लकी कासव' म्हणून विकतात. मूळ अमेरिकेतलं. त्याच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेलाचा जुलाब व्हायचा. आपल्याकडे ते नाण्याएवढं असताना प्लास्टिकच्या डबीत घालून देतात, सोबत वाळलेल्या कोळंबीची पुडी.

गेल्या जानेवारीत रायपूरहून असाच एक फोन आला. ओळखीतल्या बाई, त्यांची मुलगी आठवीत. "दादा, आमचं कासव एका बाजूला कलून पोहतंय. दहा दिवस काही खाल्लं नाही. ते लोक थंडीत झोपतात ना?" बाईंनी फोन मला केला, कारण दगडूची गोष्ट मी कधीतरी त्यांच्याकडे सांगितली होती. मी विचारलं, नाकातून बुडबुडे? म्हणाल्या, हो, मुलगी त्याचा व्हिडिओ काढते, गोड दिसतं.

मंडळी, मी काही वेळ बोललो नाही.

कलून पोहणं याचा बहुधा अर्थ असा, की एका बाजूचं फुप्फुस भरलंय, जड झालंय, ती बाजू पाण्यात खाली जाते. मी डॉक्टर नाही, म्हणून पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी बघणारा पशुवैद्य शोधा, आणि 'एक्स-रे समोरूनही काढा' म्हणून सांगा. वरून काढलेल्या चित्रात फुप्फुसांवर आतड्यांची सावली येते, समोरून काढला की दोन्ही बाजू शेजारी शेजारी दिसतात. दुसरं, पाणी आजच्या आज गरम करा.

या गरमपणामागेही एक छान इतिहास आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांना ताप येत नाही असं सगळे मानत. १९७० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वाना सरड्यांना जिवाणू टोचले. एका टोकाला ऊब, दुसऱ्याला गारवा अशी जागा दिली. आजारी सरडे आपणहून नेहमीपेक्षा जास्त उबेच्या जागी जाऊन बसले. ताप शरीराला बाहेरून आणावा लागला, इतकंच. मग १९७५ मध्ये त्यांनी टोचलेले सरडे ठराविक तापमानांना कोंडून ठेवले: ४२ अंशांचे बहुतेक वाचले, ३४ अंशांचे बहुतेक मेले. आमच्या दगडूला उबेकडे चालत जायचं होतं की नाही मला माहीत नाही, पण आम्ही त्याला गोणपाटात बांधलं होतं. गोणपाट ऊब देत नाही, असलेली धरून ठेवतो. ज्याच्या अंगात स्वतःची ऊब नाही त्याला गुंडाळून काय मिळणार?

रायपूरच्या त्या कासवाचं पाणी सोळा अंशांवर होतं. फ्लॅटच्या बाल्कनीत काचेचं भांडं, बसायला कोरडी जागा नाही, दिवा नाही, वर्षभर फक्त वाळलेली कोळंबी. एकाच अन्नावर अ जीवनसत्त्व कमी पडतं, मग श्वासमार्गाचं ओलं अस्तर जाड, कोरडं होत जातं, डोळे सुजतात, जंतूंना दार उघडतं. डॉक्टर मिळाले. एक्स-रेमध्ये डावं फुप्फुस पांढरं. इंजेक्शनं दर तिसऱ्या दिवशी, तीन आठवडे. ती पुढच्या पायात देतात, कारण कासवाच्या मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडून जातं. पाणी अठ्ठावीस अंशांवर, वर दिवा, चढून बसायला वीट. औषधही गार अंगात नीट काम करत नाही, हे डॉक्टरांनी मुलीला समजावलं. तिनं थर्मामीटरचे आकडे वहीत लिहायला घेतले. माणसांच्या दुकानातली ॲन्टिबायोटिकची गोळी फोडून घालण्याचा सल्ला बिल्डिंगमधल्या दोघांनी दिला होता, तो बाईंनी ऐकला नाही.

आठव्या-नवव्या दिवशी बाईंचा पुन्हा फोन. थकल्या होत्या. "दादा, याला बुढा तालाबात सोडून देऊ का? तिथे मोकळं राहील, देवाच्या मनात असेल तर वाचेल." मी नको म्हटलं. एक तर आजारी परदेशी कासव, तळ्यातल्या आपल्या कासवांना काय देईल सांगता येत नाही. बरं झालेलंही सोडायचं नाही, हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी घुसखोर जातींच्या यादीत आहे. आणि ज्याचं एक फुप्फुस बंद आहे ते खोल पाण्यात बुडतं. कासव पाण्यात राहतं म्हणून त्याला पाण्यात श्वास घेता येतो असं नाही, त्याला वर यावंच लागतं. रतनपूरच्या महामाया मंदिराच्या कुंडात २०२५ च्या मार्चमध्ये वीसहून जास्त कासवं जाळ्यात अडकून मेलेली सापडली, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, ते वाचलं असेल तुम्ही. जाळ्यातलं कासव वर येऊ शकत नाही. बिंबाजीराजांच्या राजधानीतलं ते कुंड, तिथली कासवं भाविक पिढ्यान्‌पिढ्या पुजत आलेले.

फेब्रुवारीच्या मध्याला मुलीनं एक व्हिडिओ पाठवला. कासव अजून जरासं डावीकडे कलतंय, पण विटेवर चढून दिव्याखाली मागचे पाय ताणून बसलंय. तिनं त्याला पालकाचं पान दिलं, त्यानं ते बघितलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी अर्धं खाल्लं. फुप्फुस पूर्ण मोकळं झालं की नाही ते पुढच्या एक्स-रेत कळेल, डॉक्टरांनी महिन्याभरानं बोलावलंय. वहीत तिनं रोजचं वजनही लिहायला सुरुवात केली आहे, ग्रॅममध्ये, गिल्बर्ट व्हाइटसारखं. हे नाव मी तिला सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या भागात आपण परत दप्तरांकडे जाऊ.